मरोळ, कोनाडा २१४

पॅरिश ऑफिसातून चिठ्ठी आली:
अडीच वर्षं झाली, जागा मोकळी करा.
मुंबईत जमिनीखालीही माणसं भाड्यानेच राहतात.

सकाळी सातला इस्तेव फावडं घेऊन उभा.
आई सावलीत, जपमाळ मुठीत.
आधी कोटाची बटणं निघाली, मग कवटी,
मग एकेक हाड तो ब्रशने झाडून
पांढऱ्या फडक्यावर मांडत गेला.
पपा संध्याकाळी पटाशी, रंधा पुसून ठेवायचे
तसं.

मांडीच्या हाडातून सळईचं टोक डोकावत होतं,
अजून चकाकतं.
गोदीत फळी कोसळली त्या वर्षीची सळई.
तिचे हप्ते आईने
बाटली मसाला कुटून फेडलेले.

‘ही काढू का उपसून?’ इस्तेवने विचारलं.
काढा, मी म्हटलं. तिथे तर
नवं शरीर मिळतं ना.
आई म्हणाली, ‘असू दे.
सायबाने नाही ठेवली खिळ्यांची भोकं
उठल्यावर, थोमाला दाखवायला?
आणि एवढ्या गर्दीत हा लंगडत आला
तर मला लांबूनच कळेल.’

कोनाडा हातभर खोल.
हाड सळईसकट मावेना, तिरपं घातलं.
फादरांचं शेवटचं आमेन
वरून गेलेल्या विमानात बुडालं.

माझा यावर नीटसा विश्वास नाही.
आईला मी हे सांगितलेलं नाही.

गवंड्याने लादी बसवली, थापी भरून घेतली.
आई पुढे झाली,
कडेवरून बोट फिरवलं,
आणि हळूच त्याला म्हणाली,
‘सिमेंट जरा बेतानेच लाव रे.’