चष्मा मिरजेत राहिला

पसरणीच्या घाटात आशेर दोनदा ओकला
आणि तिसऱ्या वळणावर पप्पांच्या लक्षात आलं,
चष्मा मिरजेत राहिला, शिवणयंत्रावर, पेपराखाली.
आई म्हणाली, असू दे. शिबिराला चाललोय,
परीक्षेला नाही.

'कौटुंबिक शिबिर' असं फाटकावरच्या कापडावर,
आणि आत शिरताच आमची वाटणी:
पुरुष नि मुलगे जांभ्याच्या लांब खोलीत,
बायका-मुली वरच्या बंगल्यात,
जिथं पूर्वी मडमा राहायच्या म्हणे.
त्यांचा बाथटब अजून होता.
त्यात बटाटे ठेवलेले.

रात्री सिल्व्हर ओकांतून वारा, खालून खोकला.
"हा तुझा बाप," आई अंधारात म्हणाली.
मग दुसरा खोकला.
"हा नाही."
तेवढ्यावर तिला झोप लागली.

शनिवारी रेव्हरंड आढाव क्षमेवर बोलले,
पावणेदोन तास.
मागच्या बाकांवर मिरजेची मंडळी
सांगलीच्या मंडळीपासून एक रांग सोडून,
पेटीच्या भांडणाला तेव्हा सहा वर्षं झालेली.

दुपारी टेबललँडवर मौनाचा तास.
दीडशे माणसं उन्हात गप्प बसलेली बघून
घोडेवाल्यानं घोडा थांबवला,
हळूच मलाच विचारलं, कोण गेलं?
मी मान हलवली.
हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळेना.

संध्याकाळी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी.
मनात जे सलतं ते लिहा, कुणाला दाखवू नका,
रात्री शेकोटीत टाका.
पप्पांनी मला स्वयंपाकघरामागं नेलं, टाकीपाशी.
दवाखान्याच्या चादरी धुऊन धुऊन
पांढुरकी झालेली त्यांची बोटं
चिठ्ठी लांब धरून उभी, जणू तिला वास येत होता.
"लिही हन्ना. मला दिसत नाही."

बराच वेळ टाकीच गळत राहिली.

"लिही. नथनेलचं पत्र आलेलं.
पोर गेल्यावर.
उत्तर दिलं नाही."

मी विचारलं, पोर लिहू की मुलगी?
"पोर. त्यानं पोर लिहिलेलं."
वाच, म्हणाले.
वाचलं.
परत वाच.

मी तेरा वर्षांची. तोवर त्यांना
फक्त लाइटचं बिल वाचून दाखवलेलं.
जालन्याला आपले एक थोरले काका, हे ठाऊक होतं.
त्यांना मुलगी होती, हे नव्हतं.

शेकोटीत आशेरनं चिठ्ठी टाकली,
तिच्यावर घोडा काढलेला.
आईनं टाकली, चार घड्या घालून,
आणि पूर्ण जळेपर्यंत तिथून हलली नाही.
पप्पा पुढं गेले, टाकल्यासारखा हात केला,
मागं सरले.
सगळे टाळ्या वाजवत गात होते.
मला त्यांचा खिसा दिसत होता.

रविवारी प्रभुभोजन. मग ग्रुप फोटो,
त्यात आशेरचे डोळे मिटलेले.
घासाघीस करून अर्धा किलो स्ट्रॉबेरी,
वाईपर्यंतच पुरली.

साताऱ्याच्या स्टँडवर मिरज गाडीला वीस मिनिटं.
पप्पांनी खिशातली जुनी डायरी माझ्यापुढं धरली,
एसटीडी बूथकडं बोट केलं.
बारीक अक्षरातला नंबर मी दाबला,
शून्यापासून सगळा,
आणि बाहेर आले. दार त्यांनीच ओढून घेतलं.

काचेच्या अलीकडं आम्ही तिघं.
पलीकडं लाल आकडे पळतायत,
रिसीव्हर कानाला,
ओठ हलत नाहीत.
तीन रुपये झाले.
चार झाले.
आशेर म्हणाला, तिकडं कुणी उचलत नाही वाटतं.
"उचललाय," आई म्हणाली.
"त्याशिवाय आकडे पळत नाहीत."

कंडक्टरनं घंटी मारली.
आईनं एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवला,
दुसरा फलाटावर,
आणि पिशवी या हातातून त्या हातात घेत
तशीच उभी राहिली.