उजवा खिसा

ट्रक वळला की ताडपत्री बघायची.
हिरवी असेल तर हॉटेलचा माल,
बाटल्या, कधी अर्धा पाव.
निळी असेल तर इस्पितळ, हात लावायचा नाही.
हे मला मोत्लात्सीनं शिकवलं.
त्याच्याकडे हिशेबनिसाची पदविका आहे,
प्लास्टिकच्या पिशवीत, गादीखाली.
इथे तो तांब्याच्या तारेचा हिशेब ठेवतो,
काटेवाल्याचा पाय तराजूला टेकला
की नुसता खोकतो.

मासेरूत जुलैची थंडी हाडात शिरते.
आम्ही घोंगड्या पांघरून उकरतो,
लोखंडी आकडीनं, वाऱ्याकडे पाठ करून.
पुठ्ठ्याला किलोमागे काय मिळतं
ते सांगत नाही,
तुम्हीही घासाघीस कराल.

कारखाना होता तेव्हा मी खिसा शिवायचे.
जीन्सचा. मागचा. फक्त उजवा.
दिवसाला सहाशे.
अख्खी पँट कधी हातात आली नाही,
डावा कोण शिवतं तेही
बाथरूमच्या रांगेत कळलं.
मग एका सोमवारी फाटकाला साखळी
आणि आम्ही चौदाशे जणी
जेवणाचे डबे घेऊन रस्त्यावर.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणे.
आमचं हे तिसरं.

काल ढिगात एक जीन्स मिळाली.
गुडघ्यावर विरलेली, समुद्रापार राहून आलेली,
जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यातून परत.
मी पालथी घातली.
अंगठ्याच्या नखानं टाके मोजले.
"तुझा?" मोत्लात्सी म्हणाला.

नाही.
माझा टाका बारीक, आणि कोपऱ्यावर
मी दोनदा मागे यायचे,
सुपरवायझर ओरडला तरी.
हा कुणा घाईतल्या बाईचा,
तिला घरी तान्हं असेल, किंवा दात दुखत असेल.
रंग गेला होता, गुडघे गेले होते,
पट्ट्याचे बंद गेले होते.
तिचा खिसा जागच्या जागी.

"कापडाला भाव नाही," तो म्हणाला,
"बटण काढ, पितळी आहे."
बटण काढलं. त्याच्या डब्यात टाकलं, टण्ण.
मग काचेच्या तुकड्यानं
खिसाही कापून घेतला, सावकाश,
तिचा एक टाका न तोडता.

रात्री घोंगडीला आतून लावला, हातानं.
कोपऱ्यावर दोनदा मागे आले.

सध्या त्यात काही नाही.
आकडीला धार लावायचा दगड तेवढा.