सत्तावीस नंबर

पहिल्याच धुण्यात रंग सुटला.
गुलाबी. खाडीतल्या फ्लेमिंगोंचा म्हणून टीमला दिलेला.
पंचवीस पांढऱ्या चड्ड्या
कोकमात बुडवून काढल्यासारख्या.
मॅनेजर पोतदार गाळ्याच्या दारात, घड्याळाकडे बघत:
बाई, उद्या टीव्हीवर सामना आहे हो, देशभर दिसणार.
मी म्हटलं, दिसू दे.
देशाची पहिली लीग, पहिला मोसम,
कापडालाही अजून सवय नाही.

जुईनगर, सेक्टर तेवीस, गाळा नंबर चार.
आधी हॉस्पिटलच्या चादरी धूत होते,
त्याआधी सासरे वाशीगावच्या तळ्यावर, दगडावर आपटून.
फुटबॉल मला डागांनी शिकवला.
बचाववाल्यांचे डाग मांडीवर, लांबट, घसरल्याचे.
गोलकीपरचे कोपराला.
पुढे खेळणाऱ्या त्या घानाच्या पोराचा शर्ट
नेहमी मागून ताणलेला,
कुणीतरी मुठीत धरल्याच्या चुण्या
इस्त्रीलाही दाद न देणाऱ्या.
रेफ्रींचे कपडे वेगळ्या पिशवीत. घाम त्यांनाच जास्त.

आणि सत्तावीस.
दर सामन्यानंतर यायचा तो
मीच घातलेल्या घडीसकट.
केतकीनं पाठीवरची अक्षरं लावून वाचली:
लालरिनमाविया. मिझोरमचा. राखीव.
राखीव म्हणजे?
म्हणजे बाकावर बसतो, आई.

वहीत रकाने: नंबर, नग, दर चौदा रुपये.
सत्तावीसपुढे पेन थांबायचं.
स्वच्छ कापडाचे पैसे कसे लावायचे?
आणि नाही लावले, आणि त्याला कळलं,
की परटीणसुद्धा आपल्याला खेळाडू धरत नाही?
लावले.
धुतलाही, इतरांसारखाच, दोन पाण्यांतून,
कॉलर चोळून,
जिथे काहीच नव्हतं तिथे चोळून.

एकदा आला गाळ्यावर, हरवलेला मोजा शोधायला.
माझ्या हातात नेमका त्याचाच शर्ट.
दोघांनीही बघून न बघितल्यासारखं केलं.
मग मोडक्या हिंदीत म्हणाला,
आंटी, सॉरी, तुम्हाला फुकटचं काम देतो मी.
मी मोजा शोधत राहिले,
बराच वेळ,
सापडल्यावरसुद्धा.

मोसम सरत आला. आठांत आमची टीम सातवी.
पोरांचे भत्ते थकले, माझी दोन बिलं थकली.
शाळाशाळांत पास वाटले, तरी स्टँडमध्ये
माणसांपेक्षा खुर्च्याच जास्त, असं केतकी सांगायची.
पुढच्या वर्षी आहे ना लीग, मी विचारलं.
पोतदार म्हणाले, वरून कळेल.
वर म्हणजे कुठे
ते त्यांनाही ठाऊक नसावं.

शेवटचा सामना मी बघितला नाही. ड्रायर बिघडला होता.
रात्री अकराला पिशवी आली, ओली, जड.
हरलो, तीन-एक, केतकी म्हणाली, आणि चप्पल न काढता बसली.
मी पिशवी पालथी केली.
गुलाबी, गुलाबी, गुलाबी,
आणि तळाशी सत्तावीस:
खांद्यापासून बरगडीपर्यंत हिरवा पट्टा,
दोऱ्यांत घुसलेलं गवत,
बाहीला किंचित रक्त,
आणि पाठीवर, नावाच्या मधोमध,
कुणाच्या तरी हाताचा चिखली पंजा.
शाबासकीचा की ढकलल्याचा,
डागावरून तेवढं कळत नाही.

किती वेळ खेळला गं?
शेवटची सहा मिनिटं.

बाकीचं सगळं भिजत घातलं.
तो तसाच तारेवर टांगला, पंख्यासमोर,
न धुता.
रक्त वाळलं की निघत नाही, हे मला कुणी सांगायला नको.

मग वही काढली.
सत्तावीस. एक नग. चौदा रुपये.
हेही बिल थकणार, माहीत होतं,
तरी आकड्याखाली
दोनदा रेघ ओढली.