दोन कमी

ओउलूत जानेवारीची सकाळ उजाडत नाही,
पडद्यावरचा तो पोरगा तेवढा उजळतो.
"शाब्बास!" म्हणतो,
मी अजून चटईच उलगडतेय.

डंबेल्स नाहीत. सरबताच्या दोन बाटल्या, वाळू भरलेल्या;
उजवीत जरा जास्तच पडलीय.
खुर्ची धरून उठाबशा. गुडघा वाजतो,
पातळ बर्फावर पाय पडावा तसा.
मग टाचा उचलायच्या, आपटायच्या. दहादा. तीन फेऱ्या.
तिसरीत, आठ झाले की मी पाणी पिते.
त्याला कुठे दिसतंय?

मंगळवारी ताप होता.
दुपारी दारावर टकटक:
खालच्या मजल्यावरचे राउतियो.
बारा वर्षांत लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे
ओळख नाही.
पायात लोकरी मोजे,
दोन्ही हातांत मटार सूपचा एकेक डबा.
वाटलं, आजारपण कळलं असावं.
मी हात पुढे केला.

"आज एकविसावा दिवस होता,"
ते जिन्याकडे बघत म्हणाले.
"तुमच्या टाचांवरून मी खाली करतो."

आणि डबे न देताच वळले.
चार पायऱ्या उतरून थांबले:
"तिसऱ्या फेरीत
दोन कमी असतात."