इतिवृत्तात न लिहिलेलं

चावडीच्या बाजारात, औषधांच्या दुकानावर आमचं कार्यालय.
संस्थेचं वय एकोणतीस.
भिंतीवर सात अध्यक्ष, काचेआड.
सातांची आडनावं सलग वाचली
तर एकाच लग्नाची आमंत्रणयादी वाटावी.
मी हिशेबनीस, इतिवृत्तही मीच लिहितो.
माझं आडनावही त्या यादीत सहज खपतं,
म्हणून असेल, कधी वाचली नव्हती.

आठवी आली गोकुळी वेळीप,
खोतीगावाहून, सकाळच्या बसने,
पिशवीत डबा आणि चष्मा.
पहिल्याच सभेत तिने कर्जाचा अर्ज मागवला
आणि मोठ्याने वाचत गेली:
जामीनदार. जमिनीचा एक-चौदाचा उतारा.
तिथे थांबली.
"आजोबा त्या डोंगरावर नाचणी पेरायचे.
त्यांचे आजोबाही तिथेच.
उतार आहे हो आमच्याकडे.
उतारा नाही."

डॉक्टर भोबे हसले. म्हणाले, छान कोटी केलीत.
ती हसली नाही.
मी लिहिलं:
'अर्जाच्या नमुन्यात बदल सुचविण्यात आला.'

बदल झाला. उताऱ्याच्या जागी पाच शेजारणींच्या सह्या.
खोलाच्या मिरचीला पैसे गेले,
पिएदाद बार्रेतोने काजू फोडायची यंत्रं घेतली, दोन,
एक तिच्या जावेच्या ओसरीवर.
वसुलीचा रकाना मी तीनदा तपासला.
इतक्या वर्षांत तीनदा कधीच तपासला नव्हता.
बेरीज बरोबर होती.
तीनदा.

मग कार्तिकात एका सभेला
देवलीबाई लमाणी आली, पाळोळ्याच्या वाळूतून,
खांद्यावर मण्यांच्या माळांचं गाठोडं.
जन्म मडगावचा, रेल्वेच्या रुळांमागचा.
शिवणयंत्र हवं होतं.
पाच सह्या? चार आणल्या होत्या, चारही लमाणणींच्या.

बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "भायली."
डॉक्टर भोबे नव्हते ते.
आवाज मिरचीवाल्यांच्या बाजूचा होता.
गोकुळीने अर्ज उलटा केला, सुलटा केला,
खिडकीबाहेर पाहिलं
आणि म्हणाली, "फाल्यां यो."

उद्या ये.
याच दारात तिच्या आईला
हेच दोन शब्द मिळायचे.
देणारा मी होतो. अकरा वर्षं.

जिन्यावर पैंजण वाजले, खाली खाली गेले.
गोकुळी तशीच बसून राहिली,
आपल्याच तोंडातून कोण बोललं
ते आठवत असावी.
मग खुर्ची मागे सरकली.
चपला टेबलाखालीच राहिल्या.
बाजारात तिची हाक ऐकू आली,
मासळीवाल्यांच्या ओरड्यात, एकदा, पुन्हा एकदा,
पुढे ऐकू आली नाही.

वर आम्ही नऊजण, एक उलटा अर्ज.
आणि भिंतीवर आठवा खिळा, अजून मोकळा.
सगळे माझ्या पेनाकडे बघत होते.
मी वेळ टाकली, अकरा चाळीस,
आणि लिहिलं:
'अध्यक्ष खुर्चीत नाहीत.
सभा चालू आहे.'