खाली म्हणजे कुठे

डॉलर चण्याचे मोड आलेले सात दाणे
टाचणीने लावले चकतीच्या कडेला
आणि बटण दाबलं.
शेतकी कॉलेज, इंदूर, जानेवारी, रात्रीचे साडेनऊ.
चकती इतकी सावकाश फिरते
की देवकरण दोनदा उठून बघतो,
चालू आहे ना?

मुळाच्या टोकावर टोपी असते,
टोपीतल्या पेशींत पिठाचे कण,
वाटीच्या बुडाशी बसलेल्या साबुदाण्यासारखे.
मूळ आडवं करा, कण घरंगळतात,
नव्या बुडाशी जाऊन बसतात,
आणि मूळ वळतं.
पृथ्वी काही त्याला हाक मारत नाही.
पीठ खाली बसतं, इतकंच.

चकतीवर ते बसतच नाही.
जरा टेकतंय तोवर बूड बदललेलं.
मग ज्याचं तोंड जिकडे होतं
तिकडेच निघतात सातही जण,
घड्याळाच्या आकड्यांसारखे बाहेर.
देवकरण म्हणतो, "मॅडम, इनको नीचे दिख ही नहीं रहा."
देपालपूरचा मुलगा. काळ्या मातीत वाढलेला,
जिथे उन्हाळ्यात भेगांत हात कोपरापर्यंत जातो.
'खाली' त्याला नेहमीच दिसलेलं.

काल रामबागेत हळदीकुंकवाला
पुण्याच्या एक बाई होत्या.
तुमचं मूळ गाव कोणतं?
इंदूर.
तसं नव्हे हो. मूळ?
सासरचे लोक वाईकडचं कुठलंसं नाव सांगतात,
सात पिढ्यांत तिथे कुणी फिरकलेलं नाही.
मीही तेच नाव सांगितलं. हातात तिळगूळ होता,
आणि मागे पाच जणी थांबल्या होत्या.

नाहीतर सांगितलं असतं,
आमच्या खात्यात मूळ म्हणजे
सगळ्यांत नवं जे असतं ते.
टोक आज सकाळचं. त्याच्या मागचं कालचं.
मुळावरची केसरं दोन-तीन दिवसांची सोबत,
मग झडतात.
जुना भाग जाड होतो, तपकिरी होतो,
पाणी वाहून नेतो, पण जागचा हलत नाही.
पुढे सरकतं ते फक्त टोक,
तेही टोपी झिजवत,
आपल्याच गळलेल्या पेशींच्या चिकावरून.
आणि फाटा?
तो सालीवर फुटत नाही. आत, गाभ्यापाशी सुरू होतो,
जिने वाढवलं तिचीच साल
आतून फोडून येतो बाहेर.

परवा शेतातून उपटलेली मुळं
चाळणीवर धूत होतो.
देवकरणने एक गाठ नखाने चिरली.
आत गुलाबी.
"खून है क्या?"
रक्त नाही रे,
रक्ताचा लांबचा नातलग.
त्याने ते बोट बराच वेळ
पाण्यात घातलं नाही.

रात्री दोनला लाइट गेली.
पाचला आली.
सकाळी दार उघडलं तेव्हा चकती फिरत होती,
जणू काही झालंच नव्हतं.
पण मुळांनी सांगितलं.
त्या तीन तासांत पीठ बसलं होतं
आणि जो जिथे अडकला होता
तिथून वळला होता जमिनीकडे.
मग वीज आली, पुन्हा बूड हरवलं,
पुन्हा सगळे सरळ निघाले,
नव्या दिशेने.
प्रत्येकाच्या अंगावर एक कोपर.
आधीचं आधीसारखंच,
वळण फक्त तेव्हा जिथे टोक होतं तिथे.

देवकरणने रजिस्टरात लिहिलं: प्रयोग रद्द.
मी कोनमापक काढला.
चाळीस अंश, बावन्न, एकतीस,
अठ्ठेचाळीस, सव्वीस, पुन्हा चाळीस.

सातव्याला काहीच नाही.
लाइट गेली तेव्हा नेमका
त्याचं तोंड खालीच होतं.
त्याला काही करावंच लागलं नाही.
सरळसोट, गुळगुळीत, बिनखुणेचा.

पुण्याच्या बाई, हा तुम्ही बघायला हवा होता.

मी त्याच्यापुढे शून्य लिहिलं
आणि खोडलं नाही.