प्रेसलाइन

आता तिथं दुभाजक आहे. कण्हेर लावलीय.
आर्वीला गेले की गाडी थांबवून मी मोजते :
बोरिंगपासून सोळा पावलं, आमचं दार.
बोरिंगही नाही.
पावलं तेव्हाची, लहान.

जिनाचा भोंगा झाला की
माणसं म्हातारी होऊन घरी यायची,
भुवयांवर कापूस.
डोमाजी मामा अंगणात हात पसरून उभा राही
आन् मंजुळा मामी त्याला फड्यानं झाडे,
टाचेपासून टाळूपर्यंत, शिव्या देत.
फडा माणसाला लावू नये म्हणतात.
सगळी लाइन हसे.

मोजणीवाले आले तेव्हा
मामीनं एवढंच विचारलं,
"सात नंबरच भेटन का तिकडं?"
साहेब लिहीत राहिला.

आत्ता एक गाडी गेली, कापसाची, वरपर्यंत भरलेली.
कण्हेरीला पांढरं लागलं.
मी हात उचलला,
झाडलं नाही.